खांद्यावर दावं

मुलांनो, पुढच्या खेपेला याल तेव्हा महाबळेश्वर-माथेरान सोडून, फारसं कुणाला माहीत नसलेलं एखादं ठिकाण मी सुचवावं, असं तुम्ही म्हणालात. असं ठिकाण मला माहीत आहे. पण तिकडे जाणारी वाट आमच्या एका घरमालकांच्या ओसरीवरून निघते, तेव्हा आधी त्यांची ओळख करून देते. नाव लिहीत नाही. त्यांची पतवंडं त्या भागात आहेत, आणि पणजोबांबद्दल गावात काय काय बोललं जाई हे त्यांना कुणी सांगितलं नसेल, तर ते माझ्याकडून कळायला नको. आम्ही त्यांना मालक म्हणत असू.

एकोणीसशे वीस ते तीसच्या मधली ती वर्षं. माझे वडील जंगलखात्यात कारकून होते. मुळशीच्याही पश्चिमेला, जिथून डोंगर एकदम कोकणात उतरतो तिथे, घाटाच्या तोंडाशी खात्याचा नाका होता. घाटातून जाणारी-येणारी लाकडं, कोळसा, हिरड्याची पोती तिथे तपासली जात. पुण्याहून बैलगाडीने निघायचं, पौडला मुक्काम करायचा, माले गाव ओलांडून पुढे जायचं, आणि आता आणखी पुढे गाव असेल असं वाटेनासं झालं की ते गाव येई. तिथे भाड्याने देण्याजोगं घर एकच होतं. मालकांच्या राहत्या घराच्या कडेच्या दोन खोल्या.

मालक तेव्हा पन्नाशीच्या पुढचे असतील. काटक, काळेसावळे, डोक्याला मुंडासं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगे शेती बघत. पहिल्याच दिवशी त्यांनी वडिलांना अट घातली. खोल्या घ्या, पाणी घ्या, परसातली भाजी घ्या, पण महिन्यातून एकदा माझ्याबरोबर हिंडायला यायचं. वडिलांना वाटलं, शेताच्या बांधावरून चक्कर असेल. आधीचा कारकून याच अटीपायी बदली मागून गेला, हे आम्हाला मागाहून कळलं.

तुम्हाला यात वेड ते काय, असं वाटेल. तुम्ही गाडी काढता, डोंगर बघता, फोटो घेता, परत येता. पण त्या गावात नुसता डोंगर बघायला कुणी जात नसे. डोंगरावर जायचं ते गवताला, सरपणाला, मधाला, किंवा देवाला. धडधाकट माणूस काही काम नसताना कड्यावर जाऊन बसला, तर एकतर त्याला बाहेरची बाधा झालेली असणार, नाहीतर त्याने तिथे काहीतरी पुरलेलं असणार. मालकांच्या मागे गावातली माणसं कुदळ घेऊन दोनदा गेली होती म्हणे. मालक नुसते बसून होते. माणसंही लांब झुडपात बसली. शेवटी दोन्हीकडचे कंटाळून घरी आले.

यावर मालकांनी तोड काढली ती दाव्याची. दावं म्हणजे गुरं बांधायची दोरी. खांद्यावर दावं टाकून निघालेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही. बैल चुकलाय, शोधायला निघालाय, संपलं. तेव्हापासून मालक दाव्याशिवाय डोंगर चढले नाहीत. "काय, गावला का बैल?" असं वाटेत कुणी विचारलं, की "न्हाई अजून," म्हणून पुढे जायचं. असा त्यांचा बैल वीस वर्षं हरवलेला होता.

एकदा लांबच्या वाडीवरचा एक धनगर खरोखरच बैल घेऊन दारात आला. पांढरा, एक शिंग मोडलेला, कुणाचा कोण जाणे. बिचारा चढ-उतार करत दिवसभर चालला होता. मालकांनी बैलाला नीट न्याहाळलं, दात बघितले, धनगराला जेवू घातलं, आणि म्हणाले, "लई उपकार झाले बाबा, पण ह्यो न्हवं. माझा बैल दिसाय लागला की लांबूनच कळतंय." मग तो बैल ज्याचा होता त्याला शोधण्यात मालकांचा आठवडा गेला. तेवढे दिवस मात्र ते दावं घेऊन खरं बोलत हिंडले, आणि त्याचं त्यांना फार अवघडल्यासारखं झालं.

आमच्या पहिल्या सहलीच्या वेळी त्यांनी वडिलांच्या खांद्यावर दावं टाकलं. आईच्या हातात विळा दिला, माझ्या डोक्यावर रिकामी पाटी. वडिलांनी कचेरीची पगडी घातलेली, खांद्यावर उपरणं, आणि त्यावर दावं. आई वाटभर पदरात तोंड लपवून हसत होती. आमचा डबा आमचा, त्यांची भाकरी त्यांची. बसायचं मात्र एकाच खडकावर.

हिंडण्याचे त्यांचे नियम ठरलेले होते. कुठे चाललोय ते आधी विचारायचं नाही. पोचल्यावर आधी बसायचं, मग बघायचं. आणि तोंडातून "वा" काढायचं नाही. वडिलांनी पहिल्या दिवशी काढलं. मालक म्हणाले, "रावसाहेब, वा म्हनलं की बघनं संपलं. आता तुमी घरी गेला तरी चालंल." वडील ओशाळले, आणि त्यानंतर डोंगरावर त्यांनी कधी ब्र काढला नाही. जागेची परीक्षासुद्धा मालक डोळ्यांनी करत नसत. "हितं बसवतंय," किंवा "हितं बसवत न्हाई," एवढंच सांगत. देवराईच्या आत एक डोह होता, त्यात हातभर लांबीचे मासे, देवाचे म्हणून कुणी न धरलेले. तिथे बसवत असे. कारवी फुलली त्या वर्षी सबंध उतार निळा झाला होता. तिथे म्हणे बसवत नाही, कारण मधमाश्या असतात. हेही खरंच होतं.

एकदा त्यांनी मला डोंगराच्या एका सोंडेच्या टोकावर नेलं. खाली मुळशीचं सबंध खोरं पसरलेलं, भाताची खाचरं, नदी, मधूनमधून गावं. लांब धरणाचं काम चाललं होतं. जमिनी वाचाव्यात म्हणून लोकांनी सत्याग्रह केला होता, तुरुंगात गेले होते, आणि आता भिंत वर येत होती. मालकांची खालची खाचरं पाण्यात जाणार होती. त्यांनी बोटाने ती दाखवली, आणि म्हणाले, "नीट बघून ठेव, ताई. पुढं कुनी इचारलं तर सांगाय कुनीतरी पायजे." त्या दिवशी दावं त्यांनी खांद्यावरून काढून मांडीवर ठेवलं होतं. एरवी ते अशा सुरात बोलत नसत, आणि परतीच्या वाटेवर त्यांनी ओळखीच्या एका म्हातारीला, कारकूनसाहेबांचाही बैल हरवला आहे, असं गंभीरपणे सांगून त्याची भरपाई केली.

आता मी सुचवते ते ठिकाण. गावापासून तासाभराच्या चढावर डोंगर संपतो. पुढे जमीनच नाही, एकदम कोकण. एक ओढा तिथवर येतो आणि कड्यावरून उडी टाकतो. पण खालून, कोकणातून, असा वारा वर येतो की ते पाणी खाली पडतच नाही. अर्ध्यातून उलटं फिरतं आणि तुमच्याच अंगावर येतं. झाडाचं पान टाका, परत येतं. मालकांनी मला तिथे आपलं मुंडासं सोडून फेकून दाखवलं, तर ते सापासारखं वळवळत वर आलं आणि त्यांच्याच तोंडावर बसलं. फक्त मधूनच, ऊन थोडं वर आलं की, तो वारा एकाएकी पडतो. पाणी मुकाट्याने खाली जाऊ लागतं. मालक म्हणत, "वारा खाली जेवाय गेला." थोड्या वेळाने तो परत येई.

मी बारा संपून तेरावं लागलेली होते. वडिलांनी मला घरीच इंग्रजी शिकवायला घेतलं होतं, आणि पहिलं पुस्तक संपलं होतं. पुण्यात मावशी होती. मला तिच्याकडे ठेवून शाळेत घालावं, असं वडिलांच्या मनात होतं. मनात होतं, म्हणजे मनातच होतं. कारण वाईला माझे काका होते, वडिलांचे थोरले भाऊ. त्यांच्यासमोर वडिलांनी जन्मात कधी मान वर केली नव्हती. गौरी-गणपती आटोपले आणि काकांचा निरोप आला, मुलगी दाखवायची तयारी ठेवा, मंडळींना घेऊन येतो. आईला आनंद झाला. वडील दोन दिवस अर्ध्या जेवणावरून उठले.

स्थळात खोट नव्हती. मुलगा पुण्यात नोकरीला, घर खाऊन-पिऊन सुखी. त्याचा दोष एवढाच की तो नवरामुलगा होता. मंडळींनी होकार दिला की तुळशीच्या लग्नानंतर माझं लग्न, आणि दुसरं इंग्रजी पुस्तक मग कुणी उघडणार नव्हतं.

मी पायरीवर बसले होते. मालकांनी विचारलं, तोंड का उतरलंय. मी सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "तुला जायचंय का पुन्याला?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "बरं," आणि गोठ्यात गेले.

मंडळी संध्याकाळी पोचली. मुलगा, त्याचे मामा, आणि काका. बाप नसल्याने सगळं मामांच्या शब्दावर होतं. मामा भारदस्त, डोक्याला पुण्याची लाल चक्रीदार पगडी. ती त्यांनी गाडीत हिसके बसतील म्हणून वाटभर मांडीवर धरून आणली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मुहूर्त पाहून मला दाखवायचं ठरलं. सकाळी मालक ओसरीवर उभे राहिले आणि म्हणाले, माझ्या घरात उतरलेला पाहुणा कडा बघितल्याशिवाय जात नाही, रीत आहे. रीत त्यांनी त्याच क्षणी काढली होती. काकांना वाटलं, गावकऱ्याचा मान मोडू नये. सगळ्यांच्या खांद्यावर एकेक दावं आलं. चार शिकलेले, सोवळ्याओवळ्याचे ब्राह्मण चार दावी घेऊन कुणब्याच्या मागे डोंगर चढताना गावाने पाहिले, आणि एवढे कुणाचे बैल हरवले म्हणून विचारायलाही कुणाला सुचलं नाही.

पुढचं मी पाहिलं नाही. मी घरी, आईच्या पुढ्यात, केस विंचरून घेत होते. पण मालकांनी आणि वडिलांनी वेगवेगळं सांगितलेलं जुळतं, म्हणून मी ते खरं मानते.

कड्यावर पोचल्यावर मालकांनी मुंडासं फेकून दाखवलं. मुंडासं परत आलं. मुलाने डोळे विस्फारले, आपली काळी टोपी काढली आणि फेकली. तीही आली. तो लहान पोरासारखा हसायला लागला. पुन्हा फेकली, पुन्हा आली. मग तो ओल्या खडकावर बसला आणि बघत राहिला. मालक मला नंतर म्हणाले, "पोरगं वाईट न्हाई हां. त्याला बसता येतंय." त्यांना त्या मुलाचं जरा वाईटच वाटत होतं.

मामांना मात्र हा पोरकटपणा वाटला. टोपी हलकी असते म्हणून येते, त्यात काय, असं ते म्हणाले. मालकांनी लगेच मान्य केलं. पगडीला हे जमायचं नाही, असं स्वतःच म्हणाले. पगडी जड असते, मानाची असते, तिने कशाला असल्या उड्या माराव्यात. पौडाच्या एका वकिलाने आणली होती पगडी, पण त्याची काही फेकायची छाती झाली नाही. ती पुण्याची नसेल, असं मामा म्हणाले. पुण्याचीच होती, असं मालक म्हणाले. मग मालकांनी पान काढलं. मामांना दिलं, काकांना दिलं, चुना लावून देताना त्या वकिलाची आणखी थोडी गोष्ट सांगितली. ऊन वर येत होतं. वकिलाची गोष्ट संपली तेव्हा मामांनी पगडी दोन्ही हातांनी उचलली, पुण्याच्या इभ्रतीने एक पाऊल पुढे टाकलं, आणि ती कड्यावरून सोडली.

वारा जेवायला गेला होता.

सगळे वर बघत उभे राहिले. पगडी खाली गेली. मुलाने आपली टोपी तिच्या मागोमाग टाकली, कदाचित मदत म्हणून. तीही गेली. मग मालक म्हणाले, असं कधी होत नाही.

बोडक्या डोक्याने मुलगी बघता येत नाही, हे त्या काळी सांगावं लागत नसे. मामा म्हणाले, उपरणं गुंडाळून बसायला मी काय लाकूडतोड्या आहे? काकांची टोपी मामांच्या डोक्यावर वाटीसारखी बसली. तेव्हा काका वळले आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "तुझी पगडी दे यांना."

वडिलांनी पगडी काढली. मामांच्या दिशेने ती पुढेही केली. मालक म्हणत की तोवर त्यांना वाटलं, आता गेलं सगळं. मग वडील कड्याकडे वळले, अत्यंत शांतपणे म्हणाले, "पहिली वाटेत अडकली असेल. ही तिला घेऊन येईल," आणि त्यांनी ती फेकली.

मी खिडकीतून त्यांना येताना पाहिलं. पुढे मालक मुंडाशासकट. मागे तीन उघडी, भिजलेली डोकी. सगळ्यात मागे काका, दोन्ही हातांनी टोपी घट्ट धरून. वडिलांचं टक्कल मी घराबाहेर तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ते चालत होते मात्र पगडी असल्यासारखे ताठ.

मंडळी माझं तोंड न बघता गाडीत बसली. पण मामा शब्दाचे पक्के होते. ठरवलेलं आम्ही मोडत नाही, दसऱ्याला नवी पगडी घेऊन येऊ, असं सांगून गेले. काका राहिले. राखणीलाच राहिले म्हणा ना. मी पुन्हा पायरीवर बसू लागले. मालकांच्या करामतीने एकच झालं होतं, बघणं लांबलं होतं. हे मालकांनाही कळत होतं. ते वडिलांना हिंडायला चला म्हणेनात.

मग एका दुपारी घाटातून कोकणातली तिघं-चौघं माणसं वर आली. पुढे तिकडचा पोलीसपाटील, हातात सूप, सुपावर फडकं. ओसरीवर काका होते, वडील होते, मालक होते, पायरीवर मी. पाटलाने फडकं काढलं. आत दोन पगड्या आणि एक टोपी, व्यवस्थित वाळवलेल्या. पाटील हळू आवाजात म्हणाला, आमच्या रानात झाडावर अडकलेल्या सापडल्या. तिघं मोठी माणसं कड्यावरून पडली असणार. आम्ही सबंध रान पालथं घातलं, गावाने चूल बंद ठेवली, पण देह काही सापडले नाहीत. तुमच्याकडचं कोण गेलंय, तेवढं सांगा, म्हणजे घरच्यांना क्रियाकर्म करता येईल.

कुणी हसलं नाही. ती माणसं खरोखरच अनोळखी मेलेल्यांसाठी घाट चढून आली होती.

मालकांनी त्यांना आधी पाणी दिलं, बसवलं. मग म्हणाले, "पाटील, मानूस कुनी मेलं न्हाई. एक लगीन मेलंय." आणि वडिलांकडे बघून पुढे म्हणाले, "तेबी अजून पुरतं मेलं न्हाई."

काका ताडकन उठले. सुपातली लाल पगडी त्यांनी उचलली, झटकली, आणि वडिलांना सांगितलं की हा शुभशकुनच आहे, गेलेलं परत आलं, उद्याच गाडी जोडून मी ही मामांना पोचवतो आणि त्यांना घेऊन येतो. वडील सुपाकडे बघत होते. मालक त्यांच्याशेजारी टेकले आणि मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाले, "रावसाहेब, वारा एकदाच कामाला येतो. आता तोंडानं बोला."

वडिलांनी आपली पगडी घेतली आणि डोक्यावर ठेवली. पावसाने ती आटली होती, कपाळावरच अडकली. तशीच ठेवून ते म्हणाले, "दादा, ती पुण्याला जाणार आहे. शाळेत."

काका खूप बोलले. घराण्याबद्दल, वयाबद्दल, वाईला नातजावई बघायला टेकलेल्या आजीच्या जिवाबद्दल. ते थांबले की वडील तेच वाक्य पुन्हा म्हणत, तितक्याच हळू. कोकणातली माणसं पाहुणचाराला आल्यासारखी ऐकत होती. शेवटी काकांनी विचारलं, "मग त्या मंडळींना मी काय सांगू?"

"मुलीकडून नाही आहे, असं सांगा."

"मुलीकडून? असं कधी कुणी सांगितलंय?"

तोवर नाही म्हणायचं ते मुलाकडच्यांनी. काका लाल पगडी मांडीवर धरून गाडीत बसले आणि पुण्यावरून वाईचा रस्ता धरला.

आई दाराच्या चौकटीत उभी राहून सगळं ऐकत होती. तिला हे लग्न हवं होतं, हे आम्हाला माहीत होतं. ती काय म्हणेल म्हणून वडील खाली मान घालून बसले होते. ती म्हणाली, "मग तिकडे हिची वेणी कोण घालणार?"

"वैनी," मालक ओसरीवरून म्हणाले, "तेबी शिकंल."